दुकान किरायानं देता-घेताना

नमस्कार श्रोतेहो.

दुकानाच्या किरायाचं भांडण घेऊन कोणी आमच्याकडे, तालुक्याच्या कोर्टात आलं, की मी आधी कागद मागतो. उत्तर ठरलेलं असतं, "वकीलसाहेब, कागद कायले कराव? घरचाच मानूस व्हता."

घरमालकांच्या मनात तर भीतीच असते, की लिहून दिलं तर किरायदार बसूनच राहील. कायदा नेमका उलट बाजूनं बोलतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. त्याचं कलम 55 म्हणतं की करार लेखी हवा, दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे रजिस्ट्री ऑफिसात, नोंदलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून जड गोष्ट पुढं आहे. नोंदलेला कागद नसेल, तर अटींबाबत किरायदार जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे स्टँडजवळचा गाळा तुम्ही 4000 नं दिला आणि तो कोर्टात म्हणाला 2500, तर खोटं ठरवायचं ओझं तुमच्या डोक्यावर. अन् नोटरीकडून शिक्का मारून आणलेली 11 महिन्यांची लिखापढी म्हणजे नोंदणी नव्हे, हेही ध्यानात घ्या.

आता गावाचं पाहू. हा कायदा सगळीकडे लागू नाही. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे सोबतच्या यादीत, जी शहरं, जे भाग दिलेत तिथंच तो चालतो. आपली पुष्कळ खेडी त्याबाहेर आहेत आणि तिथं 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्यात किरायदाराला संरक्षण बरंच कमी. दुसरं काही ठरलेलं नसेल तर दुकानाचा किराया महिन्या-महिन्याचा धरतात आणि 15 दिवसांच्या लेखी नोटिशीनं तो संपवता येतो. म्हणून खेड्यात दुकान थाटून रॅक, काउंटर, फर्निचरवर पैसा लावणाऱ्यानं मुदत लिहूनच घ्यावी. वर्षाहून जास्त मुदत असेल तर इथंही नोंदणी लागतेच.

जुनी मंडळी अजून विचारतात, "रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागते ना?" विदर्भात 1949 चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा किरायाबाबतचा आदेश होता, तेव्हा जागा रिकामी करायच्या नोटिशीआधी या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागायची. 1999 च्या कायद्यानं तो आदेश गेला. आता दावा थेट दिवाणी न्यायालयात.

सगळ्यात जास्त भांडणं थकलेल्या किरायाची. कृषी केंद्रवाल्याचंच घ्या. मृगात बियाणं, खत उधारीवर जातं आणि वसुली कापूस घरी आल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. मधले चार महिने किराया थकतो, मालक चिडतो, एक दिवस शटरला आपलं कुलूप ठोकतो. तसं करू नका, भाऊ. कोर्टाच्या हुकमाशिवाय ताबा काढून घेतला तर किरायदार 6 महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि हे खेड्यातही लागू आहे. विजेची लाइन किंवा पाणी तोडणं भाडे नियंत्रण कायद्यात गुन्हा आहे. त्या कायद्यात सरळ रस्ता असा: थकबाकीची लेखी नोटीस द्या, 90 दिवस थांबा, मग दावा लावा. त्यानंतरही किरायदारानं समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, वर्षाला 15 टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, आणि पुढं निकालापर्यंत किराया भरत राहिला, तर त्या कारणावर त्याला काढता येत नाही. मला विचाराल तर दोघांनी आधीच लिहावं, की हंगामाचा किराया दिवाळीनंतर एकरकमी. भांडणच उरणार नाही.

किरायदारांनो, तुम्हीही ऐका. लेखी परवानगी न घेता पक्कं बांधकाम केलं, किंवा परस्पर दुकान साळ्याला चालवायला दिलं, तर मालकाला दाव्याचं कारण मिळतं. दुकान सलग 6 महिने विनाकारण बंद ठेवलं तरीही मिळतं. खुद्द मालकाला जागेची खरी गरज असेल तर तेही कारण चालतं, पण गरज कोर्टाला पटावी लागते.

स्लॅब गळतो आणि मालक ढुंकून पाहत नाही? नोटीस द्या. 15 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर स्वतः करून किरायातून वळती करता येते, मात्र वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. सोय भाडे नियंत्रण कायद्यातली आहे आणि बिल जपून ठेवावं लागतं.

तसंच पावतीचं. मागायला लाजू नका, ती देणं मालकावर बंधनकारक आहे. तरी देत नसेल तर रोख देणं बंद करा, खात्यावर टाका, म्हणजे नोंद राहते.

दुकान सोडताना चाबी पानटपरीवर ठेवून जाऊ नका. मालकाच्या हाती द्या, तारीख टाकून सही घ्या, मीटरचं रीडिंग त्याच कागदावर लिहा आणि डिपॉझिट तिथंच मोजून घ्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

नमस्कार.