पेपर पास, पण पेशंटचं काय?

[दृश्य: लांब कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना बंद दारं, प्रत्येक दाराला एक कागद चिकटवलेला.]

निवेदन:
दारावरच्या कागदावर चारच ओळी आहेत. वय 45. दोन दिवसांपासून पोटात दुखतंय. नाडी, ब्लडप्रेशर, ताप यांचे आकडे. आणि खाली सूचना: हिस्टरी घ्या, गरजेपुरतं तपासा, पेशंटला पुढचं समजावून सांगा.

बेल वाजते. एप्रन घातलेली मुलगी टकटक करून आत जाते.

आत पोट धरून बसलेला माणूस खरं तर ठणठणीत आहे. पण कुठे हात लागला की कळवळायचं, हात सोडताना जास्त दुखतंय असं कधी दाखवायचं, हे त्याला नीट शिकवलेलं आहे. दारूचं विचारलं तर कबूल करायचं. नाही विचारलं, तर आपणहून एक शब्द काढायचा नाही. आणि हे सगळं सकाळच्या पहिल्या परीक्षार्थीसमोर जसं केलं, तसंच संध्याकाळच्या शेवटच्या परीक्षार्थीसमोर करायचं. अभिनय म्हणून हे काम साधं नाही.

[दृश्य: परीक्षकाच्या हातातली चेकलिस्ट, पेनाने होणाऱ्या खुणा.]

निवेदन:
मेडिकल कॉलेज डिग्री देतं. प्रॅक्टिस करायला मात्र रजिस्ट्रेशन लागतं. डिग्री आणि रजिस्ट्रेशन यांच्या मध्ये सगळ्यांसाठी एकच राष्ट्रीय परीक्षा हवी, असं अनेक देशांनी ठरवलं, कारण कॉलेज-कॉलेजमध्ये फरक असतो आणि पेशंटला तो बाहेरून दिसत नाही. अडचण आहे ती पुढे. या परीक्षेत तपासायचं काय? कारण लेखी पेपर काढणं त्या मानाने सोपं आहे. पेशंटसमोर बसलेला डॉक्टर तपासणं महाकठीण.

अमेरिकेचंच बघा. डॉक्टरांची परीक्षा घेणारं तिथलं नॅशनल बोर्ड 1915 साली स्थापन झालं. 1916 मध्ये वॉशिंग्टनला पहिली परीक्षा झाली, ती आठवडाभर चालली. लेखी, प्रात्यक्षिक आणि खऱ्या पेशंटच्या खाटेजवळ तोंडी. पुढे उमेदवार हजारोंनी वाढले आणि खाटेजवळची परीक्षा डळमळली. एकाच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातली सरळ केस यायची, दुसऱ्याच्या वाट्याला धड उत्तरच न देणारा पेशंट. एक परीक्षक सढळ हाताचा, दुसरा खडूस. निकालात नशिबाचा वाटा किती आणि ज्ञानाचा किती, हे सांगता येईना. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला बोर्डाने तो भागच काढून टाकला. उरले बहुपर्यायी प्रश्न.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

निवेदन:
गंमत अशी, की यावरचा तोडगा त्याच सुमारास तयार होत होता. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज नावाचे न्यूरॉलॉजिस्ट होते. 1963 साली त्यांनी चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईला मज्जासंस्थेच्या आजाराची लक्षणं शिकवली: पायातली शक्ती गेलेली, संवेदना बदललेली. विद्यार्थ्यांनी तिला तपासायचं आणि मग तिनेच सांगायचं की कोणी काय विचारलं, कोणी कसं हाताळलं. अनेकांना हा पोरखेळ वाटला. वैद्यकशास्त्रात नाटकं कसली, असा एकूण सूर.

मग 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीचे रोनाल्ड हार्डन यांनी परीक्षेचं रूपच बदललं. एका परीक्षकासमोर एक लांबलचक केस सोडवण्याऐवजी अनेक स्टेशन्स. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं, एक काम, एक परीक्षक, सगळ्यांना तेच प्रश्न. बेल वाजली की पुढचं स्टेशन. हीच ओस्की, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन. आज मेडिकलच्या विद्यार्थ्याला हा शब्द व्हायव्हाइतकाच, म्हणजे तोंडी परीक्षेइतकाच, परिचयाचा आहे, आणि तितकाच नकोसा.

नाटकातले पेशंट आणि बेलवाली स्टेशन्स एकत्र आली आणि लायसन्सच्या परीक्षेत पेशंट परतला. कॅनडात 1992 मध्ये, अमेरिकेत 2004 मध्ये, दक्षिण कोरियात 2009 मध्ये.

[दृश्य: चेकलिस्टचा क्लोजअप. "हात धुतले." "नाव विचारलं." "ॲलर्जी विचारली."]

निवेदन:
ही पद्धत निर्दोष आहे असं मुळीच नाही. टोरांटोतल्या एका अभ्यासात, मानसोपचाराच्या स्टेशन्सवर, अनुभवी फॅमिली डॉक्टरांना चेकलिस्टवर विद्यार्थ्यांपेक्षा कमी गुण मिळाले. कारण उघड आहे. अनुभवी डॉक्टर वीस प्रश्न विचारत बसत नाही. दोन-तीन प्रश्नांत त्याला दिशा कळते. चेकलिस्टला मात्र खुणा हव्या असतात. आणि मुलं तरी किती हुशार! "तुम्हाला किती त्रास होत असेल, मी समजू शकते" हे वाक्य घोकून येतात आणि खोलीत शिरल्या शिरल्या म्हणून टाकतात, समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नसताना.

तरीही एक निष्कर्ष नजरेआड करता येत नाही. कॅनडात 1993 ते 1996 दरम्यान ही क्लिनिकल परीक्षा दिलेल्या 3,424 डॉक्टरांची पुढची वाटचाल संशोधकांनी तपासली. 2007 साली तो अभ्यास जामा या नियतकालिकात आला. परीक्षेत पेशंटशी संवाद साधण्यात ज्यांना कमी गुण होते, त्यांच्याविरुद्ध पुढे प्रॅक्टिसमध्ये वैद्यकीय नियामकाकडे जास्त तक्रारी गेल्या होत्या. बोलण्याचे गुण हे वरवरचे, असं मानणाऱ्यांनी हा अभ्यास वाचायला हवा.

[दृश्य: विमानतळ, बॅग ओढत चाललेला तरुण.]

निवेदन:
मग ही परीक्षा टिकली का? अमेरिकेत नाही. स्टेप टू सीएस असं तिचं नाव. देशभरात फक्त पाच शहरांत केंद्रं, फी जवळपास 1,300 डॉलर, विमान आणि हॉटेल वेगळं. अमेरिकन कॉलेजांची बहुतेक सगळी मुलं पहिल्याच फटक्यात पास होत. 2013 मध्येच न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात हिशेब मांडला गेला होता, की दोनदा नापास होणारा एक विद्यार्थी शोधायला विद्यार्थ्यांचे मिळून दहा लाख डॉलरहून जास्त खर्च होतात. कोव्हिडमध्ये केंद्रं बंद पडली आणि जानेवारी 2021 मध्ये परीक्षा कायमची रद्द झाल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी कॅनडानेही आपली थांबवली. पैशांचा हिशेब चुकीचा नव्हता. पण खर्च कमी करायची वेळ आली की कात्री दर वेळी पेशंटच्याच खोलीला लागते, लेखी पेपराला कधीच नाही.

लेखी पेपरही आंधळाच असतो असं नाही म्हणा. जपानची राष्ट्रीय परीक्षा दोन दिवसांची, 400 प्रश्नांची. तिच्यात काही पर्याय निषिद्ध म्हणून आधीच ठरवलेले असतात. हा उपचार केला तर पेशंटच्या जिवाला धोका, अशा प्रकारचे. ते कोणते, हे उमेदवाराला माहीत नसतं. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त निषिद्ध पर्याय निवडले, तर एकूण गुण कितीही असोत, नापास. बहुपर्यायी पेपराला याहून जास्त डॉक्टरी अक्कल देणं अवघड आहे.

[दृश्य: सोलमधले रस्ते, मास्क लावलेली गर्दी.]

निवेदन:
आणि या परीक्षेचं वजन किती, ते कोरियाने 2020 मध्ये पाहिलं. सरकारच्या वैद्यकीय धोरणाविरुद्ध विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक परीक्षेवर बहिष्कार टाकला. 3,172 पैकी जेमतेम 446 जण बसणार होते. परीक्षा नाही, म्हणजे परवाना नाही, म्हणजे पुढच्या वर्षी हॉस्पिटलांना इंटर्न नाहीत. शेवटी जानेवारी 2021 मध्ये सरकारला खास परीक्षा घ्यावी लागली.

[दृश्य: परीक्षा केंद्राबाहेरची रांग, हातात हॉलतिकिटं.]

निवेदन:
भारतात परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांना 2002 पासून एफएमजीई (फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन) द्यावी लागते. 300 प्रश्न, पास व्हायला 150, निगेटिव्ह मार्किंग नाही. प्रात्यक्षिकही नाही. स्टेथोस्कोप बाहेर ठेवूनच ही परीक्षा देता येते.

2019च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात सगळ्यांसाठी एकच नेक्स्ट, म्हणजे नॅशनल एक्झिट टेस्ट, ही परीक्षा आली. जून 2023 मध्ये तिचे नियम आले: स्टेप वन बहुपर्यायी, इंटर्नशिपनंतर स्टेप टू प्रात्यक्षिक, आणि स्टेप टूचा निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. पुढच्याच महिन्यात ती लांबणीवर पडली. चर्चा झाली ती बहुतेक स्टेप वनची, कारण त्या गुणांवर पीजीची जागा ठरणार होती. स्टेप टूबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

पण खरा प्रश्न तिथेच आहे. देशात एमबीबीएसच्या जागा आता लाखाच्या वर आहेत. एका उमेदवाराला दहा मिनिटांची दहा स्टेशन्स धरली, तरी लाख उमेदवारांचे होतात एक कोटी मिनिटं. म्हणजे परीक्षकांचे सुमारे 1 लाख 67 हजार तास, आणि तेवढेच तास पोट धरून बसणाऱ्या प्रशिक्षित पेशंटचे. हे परीक्षक आज ओपीडी आणि ऑपरेशन थिएटर सांभाळणारे प्राध्यापकच असणार. त्यांना किती दिवस मोकळं करायचं, आणि खोटे पेशंट कोणी, कुठे तयार करायचे, हे आधी ठरवावं लागेल. नाहीतर स्टेप टू कागदावर प्रात्यक्षिक राहील आणि हॉलमध्ये पुन्हा व्हायव्हा होईल.