ब्रासच्या हिशेबात माती

मंडळी, उन्हाळ्यात तलावातला गाळ आणता तेव्हा ट्रॉली नीट भरतेय की नाही, हे तुम्ही जवळ उभं राहून बघता. बघायलाच हवं, पैसे मोजलेले असतात. पण तोच गाळ तुमच्या रानातून तलावात गेला, तेव्हा ब्रास कुणी मोजले होते? (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट.)

एका एकरावरून एक मिलिमीटर माती गेली, म्हणजे नाण्याच्या जाडीपेक्षाही कमी, तर ती होते चार घनमीटर. दीड ब्रासला थोडी कमी, वजनाला पाच टन. रान बघून काही गेलंय असं वाटतसुद्धा नाही.

ओघळी मात्र दिसतात. मोठा पाऊस झाला की वाफसा यायची, म्हणजे चिखल ओसरून रानात जाता येईल इतकी ओल राहायची, वाट बघा आणि कुळव, म्हणजे माती भुसभुशीत करायचं औत, घालायच्या आधी टेप घेऊन रानात जा. समजा ओघळ दहा सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर खोल आणि शंभर मीटर लांब आहे. एवढीशी ओघळ अर्धा घनमीटर माती घेऊन गेली. एकरात अशा दहा असल्या तर पावणेदोन ब्रास गेले. आपण करतो काय, तर लगेच कुळव फिरवतो. ओघळी बुजतात, पुरावाही बुजतो!

शास्त्रज्ञ हाच अंदाज सूत्रानं करतात. अमेरिकेत विशमायर आणि स्मिथ यांनी मांडलेल्या या सूत्रात पावसाचा जोर, मातीचा प्रकार, उताराची लांबी, उताराचा चढ, पिकाचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचा गुणाकार असतो. गुणाकार आहे, बेरीज नव्हे. एक आकडा निम्मा केला की मातीची धूप निम्मी. पाऊस आणि माती आपल्या हातात नाही. पण आच्छादन?

इथंच आपल्या सोलापूरकडच्या रब्बीच्या रानाची गोची आहे. ज्वारीसाठी आपण खरिपात रान उघडं ठेवतो, कुळवून भुसभुशीत करतो आणि सप्टेंबरचा धो धो पाऊस नेमका त्यावर पडतो. थेंबानं ढेकूळ फुटतं, बारीक माती भेगा-छिद्रांत बसते, पाणी मुरायचं थांबतं आणि पळायला लागतं. म्हणून पेरणीआधी चारी बाजूंनी छोटे वरंबे घालून बंदिस्त वाफे करा. पाणी जागीच अडतं, माती राहते, शिवाय ज्वारीला ओल मिळते. मशागत आणि पेरणी उताराला आडवी करा. शेजाऱ्याचे पेरणीचे तास उभे असले तरी आपले आडवेच.

बांधाबद्दल एक कबुली देतो. नोकरीत असताना मी भारी काळ्या रानात समतल, म्हणजे एकाच पातळीवरून जाणारे, ढाळ नसलेले बांध घालून घेतले. कागदावर छान होते. पाणी आठवडाभर तुंबलं, पीक पिवळं पडलं आणि पुढच्या पावसात बांध फुटला. एका जागी फुटलेला बांध रान उघडं असण्यापेक्षा वाईट, कारण सगळं पाणी एकाच वाटेनं निघतं आणि घळ पाडतं. हलक्या, मुरणाऱ्या जमिनीत समतल बांध चालतो. भारी जमिनीत थोड्या ढाळीचा बांध घालावा आणि जादा पाणी बाहेर सोडायचा सांडवा दगडी करावा.

त्या सांडव्याखाली एक खड्डा घ्या. पावसाळ्यानंतर त्यातला गाळ मोजा. बारीक माती पाण्याबरोबर पुढं गेलेली असते, म्हणजे भरेल तो आकडा कमीच धरा. आणि खड्डा आपल्याच हद्दीत घ्या बरं का. गाळ कुणाचा, यावरून तहसीलला जायला नको.