दूध पुरतंय ना?

(काळा पडदा. फक्त आवाज.)

नीट ऐका. दोन-तीनदा चोखणं, मग घशातून आलेला हलकासा "क्", मग क्षणभर शांतता. तो "क्" म्हणजे घोट. बाळ तीन दिवसांचं आहे आणि घोट इतका मोकळा आज पहिल्यांदाच ऐकू येतोय.

(दृश्य: पहाट. मंद दिवा. आईचा खांदा, बाळाचं डोकं.)

तीन दिवसांत या खोलीत जो आला त्यानं एकच विचारलं, दूध पुरतंय ना? बाटलीवर रेघा असतात, अंगावरच्या दुधाला नसतात. सगळी गोची तिथेच आहे. म्हणून बघणाऱ्यांच्या नजरा आईच्या छातीवर खिळतात. उत्तर मात्र बाळाकडे असतं.

(दृश्य: पहिला दिवस. उघड्या पोटावर पालथं बाळ.)

जन्मल्यावर बाळाला असं आईच्या अंगावर ठेवलं, की ते पाय रेटत, डोकं हलवत, मधे थांबत छातीशी पोचतं. बोंडीभोवतीच्या बारीक ग्रंथींचा वास त्याला वाट दाखवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिल्या तासातच पाजायला घ्या.

"अजून दूध उतरलं नाही, नुसता चीक येतोय," असं कुणीतरी म्हणतंच. त्यातला 'नुसता' काढून टाका. हा दाट, पिवळसर चीक गरोदरपणातच तयार झालेला असतो. एका वेळी जेमतेम चमचाभर निघतो. पहिल्या दिवशी इवल्या पोटाला त्याहून फारसं लागतही नाही. त्यातली रोगांशी लढणारी प्रतिपिंडं आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात.

भरपूर दूध यायला मात्र वेळ लागतो. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्यानं उतरतं आणि दुधावरचा लगाम सुटतो. पण छाती भरून यायला २ ते ४ दिवस जातात. सिझेरियन झालं असेल, पहिलटकरीण असेल किंवा मधुमेह असेल, तर आणखी थोडे. दरम्यान बाळाचं वजन घटतं. जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची. १० टक्क्यांकडे जायला लागली, तर बाळ पितंय कसं हे जाणकारानं शेजारी बसून बघायला हवं.

(दृश्य: दुसरी रात्र. घड्याळ. रडणं.)

दुसरी रात्र सगळ्यात अवघड. पाजून खाली ठेवलं की रडतं, पुन्हा घेतलं की पुन्हा चोखतं. घरातल्यांना वाटतं, उपाशी आहे. खरं तर बाळ मागणी नोंदवतंय. प्रत्येक चोखण्यासरशी आईच्या मेंदूकडे निरोप जातो आणि दोन संप्रेरकं कामाला लागतात: प्रोलॅक्टिन दूध बनवतं, ऑक्सिटोसिन ते पुढे ढकलतं. त्याच ऑक्सिटोसिननं गर्भाशयही आवळतं, म्हणून पाजताना ओटीपोटात कळ येते. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. बाळानं वेळ बरोबर निवडली आहे. 'आईचं दूध म्हणजे अमृत' हे ऐकून या क्षणी तिला काडीचाही उपयोग नाही. तिला पाठीशी उशी हवी आहे.

(दृश्य: अगदी जवळून. बाळाचं तोंड.)

काल बाळानं फक्त बोंडी पकडली होती. तिला चिरा पडल्या, प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी आलं. आज आई वेगळं करते. बाळाचं पोट आपल्या पोटाला, नाक बोंडीसमोर. मग थांबते. ओठाला बोंडी लागली की तोंड उघडतं, पण तेवढं पुरेसं नाही. जांभईएवढं उघडलं, की बाळाला झटकन छातीवर आणते. स्वतः वाकत नाही. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो. तरी दुखतंय. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी सरकवून पकड सोडवते, पुन्हा धरते. चौथ्या खेपेला जमतं.

(पुन्हा तो आवाज. "क्".)

काही जणींना खरोखरच दूध कमी येतं: छातीची शस्त्रक्रिया, थायरॉइडचा त्रास, आत राहिलेला वारेचा तुकडा. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्यानं वरचं दूध द्यावं लागतं आणि त्यात हार कसली? बाळ प्यायलाही उठत नसेल, शू फारच कमी होत असेल, कावीळ वाढत असेल, तर त्याच दिवशी दाखवायचं. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पिणाऱ्या, पाचव्या दिवसानंतर ६ किंवा जास्त लंगोट ओले करणाऱ्या बाळाची काळजी नको.

(दृश्य: उजाडलंय.)

बाळ आपणहून सुटतं. मघाशी घट्ट आवळलेली मूठ उघडली आहे. आई लंगोट सोडते आणि दिव्याखाली वाकून बघते. काल शी काळीकुट्ट, चिकट होती. आज हिरवट. म्हणजे दूध पोटातून पुढे चाललंय.

ती नवऱ्याला हलवून उठवते, दाखवायला.