खरखर चालते, षड्ज घसरलेला नाही

बेळगाव, शहापूर. जुलैचा पाऊस कौलांवर. इथल्या दमट हवेत तबकड्यांना बुरशी धरते, म्हणून काकांच्या कपाटात रात्रंदिवस एक छोटा बल्ब जळतो. त्यातून ते लाखेची तबकडी काढतात, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. गवई अब्दुल करीम खाँ, राग झिंझोटी. ग्रामोफोनची चावी पुरी भरायची, पोलादी सुई नवी लावायची.

आधी खरखर. मग गाणं, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं.

शेजारच्या खोलीत माझा नवा सीडीचा सेट आहे. तो मी कसा ऐकायचो? तबल्याच्या जोडीतला बायाँ डावीकडे नीट येतो का, टाळीचा आवाज कुठून आला, तोच तुकडा पुन्हा. तासाभराने काकांनी दारातून विचारलं, "गाणं ऐकालास काय मशीन तपासालास?"

कागदावर माझीच बाजू भक्कम. १९८२ साली बाजारात आलेली सीडी १६ बिटांची. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर सांभाळते, २० हजार हर्ट्झपर्यंत जाते. काकांच्या कर्ण्यातून पाच-सहा हजारांच्या वर फारसं काही येत नाही. पण गळ्याचा मूळ सूर असतो काहीशे हर्ट्झचा. सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड, ओझरता कण, श्वास, सगळं त्या अरुंद पट्ट्यात मावतं.

इथून जवळच सुळेभावीत १९२४ साली शिवपुत्र कोमकळी जन्मले, आपले कुमार गंधर्व. लहानपणी बड्या गवयांच्या तबकड्या ऐकून ते त्यांची गायकी हुबेहूब गाऊन दाखवायचे. तेव्हा खरखर आजच्यापेक्षा कमी होती, असं थोडंच आहे!

म्हणून काका जुन्याचे भाबडे भक्त, असं मात्र समजू नका. (मीही तसंच समजत होतो.) खरखर त्यांना चालते, ती गाण्याच्या शेजारी बसलेली असते. पण चावी अपुरी भरली की स्प्रिंग सैल होत जाते, वेग मंदावतो आणि षड्ज, म्हणजे गाण्याचा सा, खाली घसरतो. तबकडीचं भोक मध्यापासून जरा सरकलेलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला सूर झुलतो. असलं काही वाजलं की काका सुई लगेच उचलतात. हा दोष सुरातच शिरतो.

माझ्या सेटचा दोषही त्यांनीच पकडला. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, तबल्याचा प्रत्येक बोल आपटून परत यायचा, तीनतालाचा चिखल. मी नवी केबल शोधत होतो. काकांनी ट्रंकेतलं घोंगडं आणून समोर अंथरलं, मागच्या भिंतीवर गोधडी टांगली, स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढले.

त्या रात्री मी एक पूर्ण ख्याल ऐकला. बायाँ कुठे वाजत होता, सांगता येणार नाही.

तबकडी संपली. दुसरी बाजू लावायची, म्हणून सुई बदलून मी चावी फिरवतो.

"पुरी भर की," काका म्हणतात.