तार पालिकेच्या रस्त्यावर, वेग दिल्लीच्या नियमात

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. विजेच्या खांबावर काळ्या तारांची वेटोळी, मधोमध प्लास्टिकचा डबा.]

घरचं नेट गेलं की सोलापूरकर आधी केबलवाल्याला फोन लावतो. त्यानं उचलला नाही, की ओळखीच्या नगरसेवकाला. हा दुसरा फोन अगदीच वाया जातो असं नाही, पण तो कशासाठी करायचा हे माहीत हवं. वेग किती मिळावा, बिघाड किती दिवसांत निघावा, हे ठरवण्याचा अधिकार महापालिकेला नाही. १९९७ च्या कायद्यानं तो ट्रायकडे, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकाकडे आहे. पालिकेच्या हाती आहे रस्ता, रस्त्यावरचं खोदकाम आणि दिव्यांचे खांब. नेट बंद पडण्याची बरीचशी कारणं मात्र याच रस्त्यावर सापडतात.

[दृश्य: गल्लीतल्या दुकानाच्या कोपऱ्यातलं रॅक. त्यात ओएलटी, इन्व्हर्टर, बॅटरी.]

हा नोड, म्हणजे गल्लीला नेट वाटणारं ठाणं. ओएलटी नावाच्या या यंत्राच्या एका पोर्टमधून काचेची एकच बारीक तार निघते. वाटेत स्प्लिटर तिचा प्रकाश वाटत जातो. एका खांबावर एकाचे आठ, पुढच्या खांबावर त्या प्रत्येकाचे पुन्हा आठ. म्हणजे एका पोर्टवर चौसष्ट घरं.

आता हिशेब पाहू. पोर्टमधून प्रकाश निघतो साधारण अधिक ३ डीबीएमनं. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, डेसिबल तिच्या घटीचं. एकास आठचा स्प्लिटर जवळपास साडेदहा डेसिबल खातो, दोन मिळून एकवीस. तीन किलोमीटर तार आणखी एक खाते. कनेक्टर आणि जोड धरले तर दीड. घरात पोचतो उणे साडेवीस. घरातला डबा, म्हणजे ओएनयू, उणे सत्तावीसपर्यंतचा प्रकाश वाचू शकतो. हातात उरले साडेसहा डेसिबल. सगळी सेवा या साडेसहावर उभी असते, आणि ते खायला फार काही लागत नाही. खिडकीच्या चौकटीत तार काटकोनात दाबली, हिरव्या टोकाच्या कनेक्टरमध्ये निळ्या टोकाचा घुसवला, खांबावरचा डबा उघडा राहून जोडात धूळ शिरली, की संपलं. प्रकाश काठावर आला की नेट पूर्ण जात नाही. अडखळतं, मध्येच तुटतं, परत येतं. हा बिघाड सगळ्यात त्रासदायक, कारण माणूस बघायला येतो तेव्हा नेमकं सगळं सुरळीत असतं. म्हणून त्याला वेग विचारू नका. पॉवर मीटर लावून घरातला आकडा दाखवायला सांगा. उणे पंचवीसच्या खाली, म्हणजे उणे सव्वीस-सत्तावीसकडे असेल, तर काम आजच करून घ्या.

[दृश्य: ओएनयूवर लुकलुकणारा लाल दिवा.]

एलओएसचा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा दिवा लाल झाला, तर प्रकाशच पोचत नाही. तार तुटली किंवा नोडची वीज गेली. शेजाऱ्याचंही बंद असेल तर दोष घराबाहेर आहे. दिवे सगळे हिरवे आणि तरी रात्री नऊला नेट रांगतं, तर कथा वेगळी. जीपॉनच्या, म्हणजे या स्प्लिटरवाल्या पद्धतीच्या, एका पोर्टला खाली येणारा वेग मिळतो सुमारे २.५ जीबीपीएस, आणि चौसष्ट घरांना शंभर एमबीपीएस विकले की बेरीज होते ६.४. इतपत जास्त विकणं हा धंद्याचा रिवाजच आहे, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत. फसगत होते ती नोडपासून पुढे कंपनीकडे जाणारी वाट अरुंद ठेवल्यावर.

[दृश्य: जेसीबी, उघडा चर, तुटलेली केबल.]

मग येतो जेसीबी. जलवाहिनी, ड्रेनेज, रस्त्याचं काम. बकेट केबल नुसती कापत नाही, ओढते. ओढल्यामुळे चरापासून काही मीटर दूर, मातीच्या आतही तंतू तुटतात. वरून दिसत नाहीत. ओटीडीआर, म्हणजे तारेत प्रकाश सोडून तुटलेली जागा सांगणारं यंत्र, लावून ती शोधावी लागते. चोवीस कोरची, म्हणजे चोवीस तंतूंची केबल असेल तर चोवीस जोड, आणि मध्ये नवा तुकडा घातला तर अठ्ठेचाळीस. जागेवर केबलचं जादा वेटोळं ठेवलं असेल तर तुकडा टळतो. खर्च वाचवायला बहुतेक ठिकाणी ते ठेवत नाहीत.

हे टाळायला २०२३ च्या मार्चमध्ये केंद्रानं कॉल बिफोर यू डिग हे ॲप आणलं. खोदणाऱ्यानं जागा आणि तारीख टाकायची. जमिनीखाली ज्यांच्या तारा-नळ आहेत त्यांना सूचना जाते. तारा टाकायच्या परवानगीचे नियमही आहेत: आधी २०१६ चे, आणि १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार कायद्याखालचे नवे. ठेकेदारानं खोदण्याआधी ॲपवर नोंद केली का, हा प्रश्न पालिकेला विचारता येतो. विचारावा.

वरच्या तारांचं दुखणं निराळं. खांब बहुधा महावितरणचा, पथदिव्याचा असेल तर पालिकेचा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचे सात नंदीध्वज निघतात, तेव्हा त्या उंच काठ्यांच्या वाटेवर आडव्या तारा चालत नाहीत. एरवी मात्र त्या लोंबत राहतात.

[दृश्य: लॅपटॉप, लॅन केबल, स्पीड टेस्ट.]

तक्रारीआधी मोजणी करा. वायफायवर नको. राउटरला लॅन केबल लावा, बाकी उपकरणं बंद करा. सकाळी सहाला एकदा, रात्री नऊला एकदा, असे तीन दिवस. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट. आकडा चौऱ्याण्णव एमबीपीएसच्या आसपास अडकून बसत असेल तर बहुधा डब्याचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट शंभरचं आहे, कंपनीला दोष देऊ नका. पिंग, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो याची चाचणी, तीन ठिकाणी मारा: राउटर, कंपनीचा गेटवे (तिच्या जाळ्याचं दार), मग बाहेरचा सर्व्हर. उशीर कुठून सुरू होतो तिथे दोष.

बिलावर कंपनीचं नाव पाहा. गल्लीतला केबलवाला बहुतेकदा फ्रँचायझी असतो. इंटरनेटचा परवाना वरच्या कंपनीचा. तक्रार तिच्याकडे नोंदवा आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय तक्रार झालीच नाही असं समजा. ट्रायच्या २००६ च्या नियमांत बिघाड तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा लांबला तर सात दिवसांच्या भाड्याची सूट होती, सातपेक्षा लांबला तर पंधरा दिवसांची, पंधरापेक्षा लांबला तर महिन्याची. ऑक्टोबर २०२४ पासून गुणवत्तेचे नवे विनियम लागू आहेत. आता सूट किती ते त्यांत पाहा. ती मागावी लागते, आपोआप क्वचितच येते.

कंपनीचं उत्तर पटलं नाही, तर तीस दिवसांत तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. निकाल एकोणचाळीस दिवसांत अपेक्षित असतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिथे अर्ज पाठवून टपालखर्च करू नका. दूरसंचार विभागाचं तक्रार पोर्टल आहे. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि जिल्हा ग्राहक आयोगही खुला आहे: दूरसंचाराच्या तक्रारी आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही.

[दृश्य: पालिकेच्या विभागीय कार्यालयाची खिडकी.]

पालिकेत जायचं असेल तर अर्जात ‘नेट चालत नाही’ लिहू नका, तो परत येईल. रस्त्याचं नाव, खांबाचा क्रमांक, लोंबणारी तार जमिनीपासून किती फुटांवर आहे, किंवा चर कुणी आणि कधी खणला, एवढं लिहा. फोटो जोडा आणि पोच घ्या. खांब महावितरणचा निघाला तर तीच प्रत त्यांच्या उपविभागात द्या.