फळ्यावरचा आकडा

मंडळी, सुरुवातीलाच एक दुरुस्ती. ओळख करून देताना मला 'जुने क्रिकेटपटू' म्हटलं गेलं. मी क्रिकेटपटू नव्हे. तीसेक वर्षं शाळांच्या आणि क्लबांच्या सामन्यांत मी वही लिहिली. म्हणजे स्कोअरर. शामियान्याच्या कडेला डुगडुगतं टेबल, दोन रंगांची पेनं, एक पेन्सिल, पानं उडू नयेत म्हणून वहीवर ठेवलेला दगड, आणि जेवणाच्या रांगेत सगळ्यात शेवटचा नंबर. तेव्हा आज पाकिस्तानचा सलामीचा फलंदाज हनीफ मोहम्मद याच्यावर जे बोलणार आहे ते त्या टेबलावरून दिसलेलं आहे. त्याला मी प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलं नाही. पण आम्हा लोकांना माणूस वहीतून बरोबर कळतो.

आता वहीतून कळतो म्हणजे काय? ज्या चेंडूवर धाव नाही, त्याला आम्ही टिंब देतो. सेहवागसारख्याचं पान बघा, टिंबं शोधावी लागतील. हनीफचं पान म्हणजे संक्रांतीची रांगोळी! आधी ठिपकेच ठिपके, रेघा नंतर. बायको दारात ठिपके काढत बसली की आपण विचारतो, अगं, हे संपणार कधी? वेस्ट इंडीजच्या लोकांनी तेच विचारलं होतं. तिथे येतोच.

हनीफचा जन्म २१ डिसेंबर १९३४ चा, जुनागढचा. जुनागढ म्हणजे काठियावाड. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुण्यात आपली त्याच्याशी गाठ आहे. वडील सैन्यात होते, क्रिकेटची आवड असलेले. आई अमीर बी. ही बाई कॅरम आणि बॅडमिंटन जिंकणारी होती, त्या काळात, त्या घरात. पाच मुलगे: वझीर, रईस, हनीफ, मुश्ताक, सादिक. त्यातले चार पाकिस्तानकडून कसोटी खेळले. राहिलेला रईस १९५५ साली ढाक्याला भारताविरुद्ध बारावा गडी होता, म्हणजे उंबरठ्यापर्यंत जाऊन परतला. पाचांपैकी चार, आणि पाचवा पाण्याच्या बाटल्या घेऊन! मला कधीकधी वाटतं, व्याख्यान रईसवरच द्यावं. पण असो.

१९४७ ला जुनागढच्या नवाबाने पाकिस्तानात सामील व्हायचं ठरवलं, पुढे तो स्वतःच कराचीला निघून गेला, आणि संस्थान भारतात आलं. मोहम्मद कुटुंबानेही कराची गाठली. तिथे डोक्यावर छप्पर मिळालं ते एका रिकाम्या पडलेल्या हिंदू मंदिरात. ज्यांचं ते मंदिर, ते लोक इकडे निघून आले होते. उल्हासनगरच्या छावणीत उतरलेल्या सिंधी कुटुंबांपैकी कुणाचं तरी असेलही, कुणी सांगावं. मी यावर भाष्य करणार नाही. एवढंच सांगतो की देव हललेल्या जागेत ही पोरं राहिली, वाढली आणि क्रिकेट खेळली. वडील लवकरच गेले. आई मागे उभी राहिली.

शाळा सिंध मदरसा. जिना ज्या शाळेत शिकले तीच. तिथे क्रिकेट शिकवायला होते मास्टर अब्दुल अझीझ. मंडळी, हे मास्टर म्हणजे आपल्या सलीम दुराणींचे वडील. दुराणी, म्हणजे लोकांनी षटकार मागावा आणि ज्यांनी तो द्यावा! बाप कराचीत, मुलगा भारतात राहिला. मुलगा प्रेक्षकांच्या हाकेवर चेंडू उडवणारा, आणि बापाने कराचीत घडवलेला शिष्य कुणाच्याच हाकेला न बधणारा. असं कोडं मी लिहून काढलं असतं तर तुम्ही म्हटलं असतंत, बुवा, फारच जुळवलंय.

१९५२ ला पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा कसोटी खेळायला निघाला तो भारतात. हनीफ तेव्हा सतरा वर्षांचा, सलामीला येणारा आणि यष्टीरक्षणही करणारा. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत विनू मांकडने तेरा बळी घेऊन पाहुण्यांना डावाने लोळवलं. पण त्या पडझडीत या पोराने ५१ केल्या. पाकिस्तानचं कसोटीतलं पहिलं अर्धशतक ते. मग मुंबईला ब्रेबॉर्नवर ९६. सामना गेला, पण शिवाजी पार्क आणि दादरच्या मंडळींना हा मुलगा आवडला असणार, याची मला खात्री आहे. कारण मुंबईत ज्याला 'खडूस' म्हणतात ना, तो गुण. बाहेरच्या लोकांना ही शिवी वाटते. मैदानावर ती पदवी आहे. विकेट फुकट देणार नाही, घ्यायची तर घाम गाळून घे. मर्चंटपासून गावस्करपर्यंत आपण ज्याला मुंबईची फलंदाजी म्हणतो, त्यातला हा एक कराचीचा भाऊबंद. 'लिटल मास्टर' हे नावही आधी त्याचंच बरं का. सुनील आणि सचिनकडे ते नंतर आलं.

आता ब्रिजटाऊन. जानेवारी १९५८, बार्बाडोस, सहा दिवसांची कसोटी. वेस्ट इंडीजने ९ बाद ५७९ वर डाव सोडला. एव्हर्टन वीक्सच्या १९७, कॉनराड हंटच्या पदार्पणात १४२. पाकिस्तान सर्व बाद १०६. फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला. मागे किती? ४७३. आणि सामना संपायला तीन दिवसांहून जास्त बाकी. अशा वेळी माझ्यासारखा स्कोअरर काय करतो? चौथ्या दिवशी जेवणापर्यंत घरी जाऊ, असा हिशोब करतो. आम्ही पापी माणसं.

हनीफ आला आणि त्याने नांगर टाकला. समोर रॉय गिलख्रिस्ट. त्या काळातला बहुधा सगळ्यात भीतिदायक वेगवान गोलंदाज. डोक्यावर हेल्मेट नाही, माणूस उंचीला बेताचा, चेंडू नाकाशी येणार. तिसऱ्या दिवसाखेर हनीफ ६१ वर नाबाद. हॉटेलात खोलीवर कप्तान कारदारची चिठ्ठी: आता भिस्त तुझ्यावर. चौथ्या दिवसाखेर १६१. म्हणजे अख्ख्या दिवसात मोजून शंभर! पुन्हा चिठ्ठी. पाचव्या दिवसाखेर २७०. पुन्हा चिठ्ठी. मला या चिठ्ठ्यांचं फार कौतुक आहे. कारदार ऑक्सफर्डला शिकलेला, कडक, रुबाबदार माणूस. तो खोलीत येऊन पाठ थोपटत नाही, चिठ्ठी ठेवून जातो. रात्री उगाच बोलून त्या मुलाची तंद्री मोडायची नाही, एवढं त्याला कळत होतं.

उन्हाने हनीफच्या डोळ्यांखालची कातडी पापुद्र्यासारखी निघाली होती. इम्तियाज अहमदबरोबर दीडशे, अलीमुद्दीनबरोबर शंभरावर, सईद अहमदबरोबर पुन्हा दीडशे, मग सख्खा भाऊ वझीर आला, त्याच्याबरोबर १२१. चार जोडीदार बदलले, हा तिथेच. त्या सामन्याची एक गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे. झाडावर बसून एक प्रेक्षक हनीफला बाद कसं करायचं याचा सल्ला गोलंदाजांना ओरडून देत होता. उन्हात भोवळ येऊन तो खाली पडला, दवाखान्यात नेला. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला म्हणे: हनीफ आहे अजून?

होता. शेवटच्या दिवशी ३३७ वर डेनिस अ‍ॅटकिन्सनच्या चेंडूवर तो यष्टीमागे झेल देऊन परतला. पाकिस्तान ८ बाद ६५७, सामना अनिर्णित. आता माझ्या धंद्यातली गंमत. अधिकृत नोंद सांगते, हनीफ ९७० मिनिटं खेळला. हनीफ स्वतः जन्मभर म्हणत राहिला, ९९९. एकोणतीस मिनिटांचा वाद! एखाद्याला वाटेल, सोळा तासांपेक्षा जास्त उभ्या राहिलेल्या माणसाने अर्ध्या तासासाठी काय भांडावं? मला नाही वाटत तसं. ज्याने ती मिनिटं उन्हात मोजली, त्याची होती ती. पुढे १९९९ साली हिमाचल प्रदेशच्या राजीव नय्यरने रणजी सामन्यात १०१५ मिनिटं फलंदाजी करून दोन्ही आकडे मागे टाकले. कसोटीत मात्र ब्रिजटाऊनच्या त्या डावाइतकं अजून कुणी टिकलेलं नाही. त्याच मालिकेत किंग्स्टनला सोबर्सने नाबाद ३६५ केल्या आणि कसोटीतल्या सर्वोच्च धावांचा हटनचा विक्रम मोडला. तेव्हा चेंडू कुणाच्या हातात होता? हनीफच्या.

बरोबर एका वर्षाने, जानेवारी १९५९. कराचीतलं पारशी इन्स्टिट्यूटचं मैदान, कायदे आझम करंडकाचा उपांत्य सामना, कराची विरुद्ध बहावलपूर. बहावलपूर १८५ त आटोपलं. चटईवरची खेळपट्टी. दुसऱ्या दिवसाखेर हनीफ २५५. कराचीचा कप्तान कोण, तर थोरला भाऊ वझीर. त्याला आकड्यांचं वेड. तो म्हणाला, एका डावातला विक्रम ब्रॅडमनचा आहे, ४५२, उद्या मोड. तिसऱ्या दिवशी ते मोडले.

इथे थांबतो, कारण इथे पुणे येतं. ब्रॅडमनच्या त्या ४५२ च्या अगदी जवळ एकच माणूस गेला होता. आपले भाऊसाहेब निंबाळकर, मूळचे कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. हो, तेच काठियावाड! निंबाळकर नाबाद ४४३, नऊ कमी, आणि पाहुण्यांचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब मधल्या सुट्टीत म्हणाले, आता पुरे, सामना सोडतो. महाराष्ट्र ४ बाद ८२६. पाहुण्यांचा संघ सामान बांधून निघाला. निंबाळकर पॅड बांधून उभे. रणजीत तो आकडा आजही सर्वोच्च आहे, आणि या माणसाला अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. राग येतो, येऊ द्या.

तर कराची. तिसऱ्या दिवसाचं शेवटचं षटक, दोन चेंडू बाकी. हनीफने फळ्याकडे पाहिलं: ४९६. मनात हिशोब केला, आज पाचशे व्हायला हवेत, उद्या कप्तान डाव सोडेल. चेंडू ढकलला, एक धाव निघाली, क्षेत्ररक्षकाकडून जरा गडबड झाली, तशी शेवटच्या चेंडूसाठी फलंदाजी आपल्याकडे राहावी म्हणून हा दुसऱ्या धावेला सुटला. धावबाद. परतताना पुन्हा फळ्याकडे पाहतो तर तिथे ४९९. फळा मागे पडला होता. पोरांनी आकड्यांचे पत्रे वेळेत बदलले नव्हते. आकडा खरा दिसला असता तर तो असा धावलाच नसता, असं तो पुढे सांगायचा.

मंडळी, मी हे वाचतो तेव्हा पोटात कालवतं. कारण हे मी केलेलं आहे. नाव घेत नाही, आंतरशालेय सामना होता. फळ्यावरच्या पोराला मी आकडा ओरडून सांगायचो. ऊन, गोंगाट, शेजारच्या मैदानातला चेंडू मध्येच आलेला. फळ्यावर शंभर लागले. मुलाने बॅट उंचावली, बापाने बाहेरून शिट्टी मारली, पुढच्याच चेंडूवर पोराने डोळे मिटून बॅट फिरवली आणि त्रिफळा. वहीत बेरीज केली तर ९८. मी उठून त्याच्याकडे गेलो, सांगितलं. तो काही बोलला नाही. पॅडचे पट्टे सोडवत राहिला, एकेक करून, खूप वेळ.

कराचीतल्या त्या फळ्यावरच्या मुलांना रात्री झोप लागली असेल का, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. कराचीने ७ बाद ७७२ वर डाव सोडला आणि एक डाव ४७९ धावांनी सामना जिंकला. हनीफचा आकडा पस्तीस वर्षं टिकला. १९९४ साली बर्मिंगहॅमला ब्रायन लाराने नाबाद ५०१ केल्या.

धावबाद होणं हनीफच्या पाठीला लागलंच होतं. १९६० च्या डिसेंबरात तो पुन्हा ब्रेबॉर्नवर आला, सईद अहमदबरोबर २४६ ची भागी केली आणि १६० वर धावबाद झाला. त्याच सामन्यात आपला रमाकांत देसाई, चणीने हनीफसारखाच, दहाव्या क्रमांकावर येऊन ८५ ठोकून गेला, नाना जोशींबरोबर नवव्या गड्यासाठी १४९. ती अख्खी मालिका अनिर्णित, पाचही. त्याआधीची पाकिस्तानातली पाचही अनिर्णित. दोन्हीकडे हरायची इतकी धास्ती की जिंकायचं कुणाला सुचेना. हनीफची फलंदाजी कंटाळवाणी म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: संघ नवा, देश नवा, आणि पहिला गडी पडला की मागे फारसं काही नाही. तो तंबू ठोकून बसायचा कारण बाकीच्यांना डोकं लपवायला जागा हवी होती. मंदिरात राहिलेल्या पोराला ते बरोबर माहीत होतं.

बाकीचं झरझर सांगतो. ५५ कसोटी, ३९१५ धावा, बारा शतकं. ढाक्यात इंग्लंडविरुद्ध दोन्ही डावांत शतक. १९६७ ला लॉर्ड्सवर कप्तान म्हणून नाबाद १८७. शेवटची कसोटी १९६९ ला कराचीत न्यूझीलंडविरुद्ध. सलामीला हनीफ आणि धाकटा सादिक, संघात मुश्ताकही. तीन सख्खे भाऊ एकाच कसोटीत. नंतर मासिक काढलं, मुलगा शोएब पंचेचाळीस कसोट्या खेळला.

११ ऑगस्ट २०१६. कराचीच्या रुग्णालयात हनीफ गेला अशी बातमी आली. थोड्या वेळाने शोएबने सांगितलं, हृदय सहा मिनिटं थांबलं होतं, डॉक्टरांनी परत चालू केलं. ते ऐकून मी घरात एकटाच हसलो. फलंदाज दुखापतीने मैदान सोडून गेला की आम्ही वहीत तसं लिहितो, पण पेन्सिलीने. तो परत येऊ शकतो ना. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पेन्सिलच हातात धरून बसलो होतो.