वंशावळ कुणी मांडली, कशासाठी मांडली

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकतो. मी आयुष्यात पहिली वंशावळ मांडली ती साफ चुकली होती, आणि तीही आमच्याच घराण्याची.

त्याचं असं झालं. शके १६९५च्या एका मोडी कागदात मला 'सखाराम बिन विठोजी', म्हणजे विठोजीचा मुलगा सखाराम, सापडला. पुढे शके १७५५च्या कागदातही 'सखाराम बिन विठोजी'च. गाव तेच, शेत तेच. मला वाटलं, घबाड मिळालं. दोघांना एक धरून मी कागदावर झकास चौकट काढली. मग तिसरा कागद हाती आला, त्यात या सखारामाला शके १७६० मध्ये मुलगा झालेला. आमच्या थोरल्या चुलत्यांनी तो तक्ता बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "म्हातारा भलताच दणकट होता म्हणायचा!"

आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. आमच्या घरात दीडशे वर्षं विठोजी आणि सखाराम एवढी दोनच नावं आलटून पालटून चालली होती. पहिला सखाराम दुसऱ्याचा आजोबा. मी मधला एक विठोजी गिळला होता. तेव्हापासून एक सवय लावून घेतली. दोन कागदांमधल्या वर्षांना पंचवीस-तीसनं भागायचं आणि तेवढ्या पिढ्या मध्ये बसतात का ते आधी पाहायचं, मग रेघ ओढायची.

पण मला आज बोलायचंय ते याच्याही आधीच्या प्रश्नाबद्दल. लोक माझ्याकडे येतात आणि विचारतात, "आमची वंशावळ कुठे मिळेल?" मी उलट विचारतो, "तुमच्या घराण्याकडे काय होतं?" लोकांना राग येतो. वाटतं, मी ऐपत विचारतोय. तसं नाही हो. आपल्याकडे माणसांची नावं पिढ्यान्‌पिढ्या कुणी हौस म्हणून लिहून ठेवली नाहीत. नाव लिहिलं गेलं ते वतन, म्हणजे पिढीजात हक्काचं गावकाम, होतं म्हणून, इनाम होतं म्हणून, जमीन होती म्हणून, किंवा दक्षिणा यायची होती म्हणून. कागद कशासाठी झाला ते कळलं, की त्यात कोण असणार आणि कोण नसणार हेही कळतं.

वतनाचंच घ्या. पाटीलकीचा, कुलकर्णाचा वाद उभा राहिला की तो गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार-गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे, जायचा. वादी आपला करीना द्यायचा. करीना म्हणजे आमच्या मूळ पुरुषानं वतन कसं मिळवलं, त्याला किती मुलगे, त्यातला कोण कुठे गेला, याची सगळी हकीकत. प्रतिवादी आपला वेगळा करीना द्यायचा. मग साक्षी व्हायच्या, महजर, म्हणजे सभेचा निवाडपत्र, व्हायचा. हे कागद म्हणजे वंशावळीची खाण आहे. लोक काय करतात? आपल्या बाजूचा करीना वाचतात आणि खूश होऊन घरी जातात. माझं सांगणं असं, की समोरच्याचा करीना आधी वाचा. तुमच्या घरानं जे झाकलं ते त्यानं उघडं केलेलं असतं. "हा वंशातला नव्हे, दत्तक आहे", "थोरल्याचा वंश परागंदा झाला, हा धाकटा थोरला म्हणवतो". खोटंही असेल, भांडणातलं बोलणं ते. पण शोध कुठे घ्यायचा ते त्यानंच कळतं.

हे कागद आज मुख्यत्वे पुण्याच्या पुरालेखागारात आहेत, ज्याला आपण अजूनही पेशवे दफ्तर म्हणतो. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातून निवड करून पंचेचाळीस खंड काढले, पण ते राजकारणाच्या अंगानं. तुमच्या-माझ्या घरांची भांडणं अजून रुमालात बांधलेलीच आहेत. रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे बरं का, कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा.

त्यानंतर १८५२ साल. इंग्रजांनी इनाम कमिशनचा कायदा केला. बिनसाऱ्याच्या जमिनी कोण खातंय आणि कुठल्या आधारानं, ते तपासायचं होतं. सनद कुठे आहे, मूळ सनद कुणाच्या नावाची, आणि त्याच्यापासून तुम्ही नेमके कसे उतरलात? इनामदारांना कैफियत, म्हणजे लेखी हकीकत, आणि वंशावळ द्यावी लागली. देवळाचा पुजारी, पिराचा मुजावर, जोशी, सगळे त्यात आले. एकाच काळात इतक्या घरांच्या वंशावळी सरकारदरबारी गोळा होण्याचा योग पुन्हा फारसा आला नाही. पण लक्षात ठेवा, ही वंशावळ इनाम टिकवण्यासाठी दिलेली आहे. त्यामुळे ती मूळ पुरुषापासून सरळ सुतासारखी खाली येते. मध्ये कुठे दत्तक नाही, कुणी निपुत्रिक नाही, कुणी घर सोडून गेलेलं नाही. इतकं सरळ दिसलं की मी जरा सावध होतो.

आता एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. वतन पाटील-कुलकर्ण्यांचंच नव्हतं. महार वतन होतं, रामोश्यांचं होतं. १८७४च्या वतन कायद्याखाली वतनदारांची रजिस्टरं झाली, त्यात या घरांचीही नावं लागली. या वतनानं माणसाला काय वेठीला बांधलं ते बाबासाहेबांनी सांगितलं आहे. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे मंडळात कायदा बदलायचं विधेयकच आणलं होतं. पुढे १९५८च्या कायद्यानं ही कनिष्ठ गावकी वतनं गेली. ज्या कागदानं बांधून ठेवलं, त्याच कागदात आज पणजोबाच्या आज्याचं नाव सापडू शकतं. मला भेटलेल्या एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या घराचं नाव असं सापडलं, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे नाव मुलाला सांगू की नको, तेच कळत नाही."

कागद वाचताना पहिली अडचण लिपीची, दुसरी तारखेची. मोडी तीन-चार महिन्यांत डोळ्यात बसते, तिला घाबरू नका. तारखेला मात्र लोक फसतात. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा, इसवी सन येतो. फसली या महसुली सनात पाचशे नव्वद. जुन्या कागदांत मात्र शुहूर सन असतो, आणि तो आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिलेला. 'इसन्ने सबैन मया व अलफ'. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले अकराशे बाहत्तर. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतर ६००. म्हणजे १७७१चा मृग ते १७७२चा मृग. थोरले माधवराव हयात होते तेव्हाचं.

आता दक्षिणेसाठी झालेल्या कागदांकडे वळू. नाशिकला, त्र्यंबकेश्वराला गेलात तर तीर्थोपाध्ये पहिला प्रश्न विचारतात, "गाव कोणतं? आडनाव?" त्यांची वही याच क्रमानं लावलेली असते. यात्रेला आलेला माणूस आपली, भावांची, मुलांची नावं सांगायचा, खाली सही करायचा, नि "आमच्या वंशातला जो येईल त्यानं यांनाच मानावं" असा लेख लिहून द्यायचा. वंशावळ ही त्या उपाध्यांची मिळकत. त्यांच्या घरात वाटणी झाली की वह्यांचीही वाटणी होते. एखादा म्हणाला, "तुमचं नाव आमच्याकडे नाही", तर निराश होऊ नका, त्यांच्या चुलतभावाकडे जा.

आणि बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडची मंडळी असतील तर त्यांना हेळवी ठाऊक असेल. माझ्या लहानपणी तो सुगी झाल्यावर बैलावर बसून यायचा. अंगणात घोंगडी टाकायची, त्यावर तो पोथी उघडायचा आणि कानडी हेलात म्हणायला लागायचा. मूळ पुरुष कुठून निघाला, कुठल्या दुष्काळात कुठल्या गावी थांबला, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, असं करत करत थेट माझ्या वडिलांपर्यंत. मग पेन काढून विचारायचा, "नवीन किती?" त्या वर्षी माझं नाव लागलं. आजीनं सुपातून जोंधळे आणले आणि ओतता ओतता म्हणाली, "पोरीचं पण लिहा की." म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं. हेळवी हसला. म्हणाला, "ती जाईल तिथला हेळवी लिहील, आई." आजीनं सूप रिकामं केलं आणि आत गेली. बहिणीचं नाव आमच्या पोथीत लागलं नाही. ती सासरी गेली तिकडे हेळवी येतच नव्हता.

म्हणून वंशज शोधणं हे पूर्वज शोधण्यापेक्षा कठीण काम आहे. वर चढताना एकेक रेघ मिळते. खाली उतरताना दर पिढीत निम्मी माणसं दाराबाहेर पडतात. विसाव्या शतकात कोकणस्थ घराण्यांनी कुलवृत्तांत काढले, मग इतरांनीही काढले. मोठी मेहनत आहे ती, मी रोज वापरतो. पण त्यातही मुलीच्या नावापुढे तिचं सासरचं नाव येतं आणि रेघ थांबते. त्यात लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहायची पद्धत. माहेरची गंगू सासरी लक्ष्मी झाली. जुन्या कागदात तर ती 'लक्ष्मी कोम सखाराम'. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. तिचा बाप कोण, काही पत्ता नाही.

मग बाई सापडते कुठे? वैधव्यात. नवरा गेला आणि जमीन तिच्या नावावर आली, की तिचं नाव लागतं. दत्तक घेताना लागतं. फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या, जुन्या नोंदीत जिथे थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलंय, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, तिथे तर बाकीचे भाऊसुद्धा गडप. पुढे तो मेल्यावर वारसनोंद होते, तेव्हा सगळे बाहेर येतात, बहिणीसकट. बहिणीचं नाव बहुधा हक्कसोडपत्राच्या निमित्तानं. म्हणून फेरफार बघताना खरेदी-विक्रीच्या नोंदी सोडा, वारसाची नोंद धरा. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने फेरफार घरबसल्या दिसतात. तिथे नसेल तर तहसील कचेरीत गाव नमुना चौदा मागा. जन्म-मृत्यूचं रजिस्टर ते, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. माझ्या एका खेपेला एका कचेरीत मला सांगितलं, "ते वाळवीनं खाल्लं." तिसऱ्या खेपेला तेच रजिस्टर मिळालं, कोपरासुद्धा शाबूत. तेव्हा पहिल्या 'नाही'ला नाही समजू नका.

आणि एक जागा तुमच्या घरातच आहे. श्राद्धाची यादी. तर्पणाला बापाबरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडचे तीन पुरुष, नावं घेऊन पाणी सोडायचं असतं. भटजी आयत्या वेळी विचारतात आणि आपली त्रेधा उडते, म्हणून जुन्या घरांतून ही नावं वहीच्या मागच्या पानावर, पंचांगाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेली असायची. सरकारी कागदात जी पणजी 'कोम' होऊन बसली, तिचं नाव इथे सापडतं. कारण इथे कागद पाणी देण्यासाठी झालेला आहे.

सगळ्यात आश्चर्य मला वाटलं ते मॉरिशसचं. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर गेले, त्यात रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. त्यांची रजिस्टरं तिथे मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. प्रत्येकाला नंबर, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, पुढच्या काळात तर फोटोसुद्धा. आणि बाईलाही स्वतःचा नंबर. मळ्याला हात मोजायचे होते, वंश नव्हता मोजायचा. गावात राहिली असती तर 'कोम अमुक' होऊन संपली असती ती बाई, तिथे कपाळावरच्या गोंदणासकट नोंदलेली असू शकते. तिचे वंशज आज कोकणात येऊन गाव शोधतात. पण मळ्यावरच्या साहेबानं ऐकलं तसं गावाचं नाव लिहिलं, आणि पूर्वजाचं पाळण्यातलं नाव पुढे आडनाव होऊन बसलं. आडनावावरून शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. नंबरावरून जा.

काही लोक पैसे घेऊन थेट सूर्यवंशापर्यंत वंशावळ नेऊन देतात, चौकटीत बसवून, सोनेरी अक्षरांत. त्यांच्याबद्दल विचारू नका, मला अजून गाडी पकडायची आहे.

बाहेरच्या टेबलावर मी आमच्या घरच्या एका मोडी कागदाच्या झेरॉक्स ठेवल्या आहेत. मोडी येत नसली तरी चालेल. सातव्या ओळीत 'कोम' लिहिलंय आणि त्याच्याआधी एका बाईचं नाव आहे. मला ते सखू वाटतं, माझ्या बहिणीला साळू वाटतं. आमचं त्यावर चार वर्षं भांडण चालू आहे. जरा बघून सांगा.